पाहुण्यांना ब्रिटनमध्ये नेमके काय पाहायचे असते?

प्रेषक: कार्यवाह, रेडिंग
विषय: उन्हाळ्यातील पाहुणे

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मे ते सप्टेंबर या काळात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी भारतातून, अमेरिकेतून किंवा आखातातून कोणी ना कोणी येते आणि त्यांना कुठे न्यावे हा प्रश्न जो तो आपापल्या परीने सोडवतो. मंडळाने या पाहुण्यांसाठी एक-एक दिवसाच्या सहली आखाव्यात, अशी सूचना गेल्या बैठकीत आली. त्याच बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी मुळालाच हात घातला. नातेवाईक आपल्याला भेटायला येतात हे खरे, पण ब्रिटन पाहायला म्हणून आता कोणाला यायचे असते का, असे त्यांनी विचारले. बैठकीत वेळ संपल्यामुळे ही चर्चा येथे पुढे न्यावी. प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणत्याही पर्यटन कंपनीच्या पत्रकात मिळते, म्हणून ती पाठवू नये. आपल्या घरी आलेल्या माणसांचा अनुभव लिहावा, ही विनंती.

आपली,
कार्यवाह


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, हॅरो
विषय: उत्तर: उन्हाळ्यातील पाहुणे

स. न. वि. वि.

तो प्रश्न विचारणारा मीच. मी १९७८ साली येथे आलो, तेव्हा पुण्यातल्या आमच्या वाड्यात ‘विलायत’ या शब्दाचा अर्थ लंडन एवढाच होता आणि परदेश पाहायचा म्हटले की माणूस आधी इकडेच येत असे. आता माझ्या पुतण्याने आपल्या आईवडिलांसाठी पंधरा दिवसांची युरोपची सहल घेतली, तीत पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम होते, लंडन नव्हते. मी जरा रागानेच विचारले, तेव्हा त्याने शांतपणे हिशेब मांडला. शेंगेनच्या एका व्हिसावर इतके देश पाहून होतात, ब्रिटनसाठी मात्र वेगळा अर्ज, वेगळे शुल्क आणि पुन्हा बोटांचे ठसे. सहा महिन्यांच्या साध्या व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ११५ वरून १२७ पौंड झाले, म्हणजे चौघांच्या कुटुंबाला विमानाच्या तिकिटाआधीच पाचशे पौंडांहून अधिक मोजावे लागतात.

अमेरिकेतील भाचरांचे म्हणाल, तर अमेरिकी पासपोर्ट असलेल्यांनाही ८ जानेवारी २०२५ पासून प्रवासाआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते, जिचे शुल्क त्याच वर्षी १० वरून १६ पौंडांवर गेले. ती दोन वर्षे चालते, तेव्हा तिची तक्रार नाही. पण ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि पासपोर्ट भारतीय आहे, त्यांना ब्रिटन पाहायचे तर पूर्ण व्हिसाच लागतो, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना तिकिटे काढल्यावर कळते. खरेदीचेही तेच आहे. पर्यटकांना व्हॅट परत देण्याची दुकानांतील सोय २०२१ च्या आरंभी बंद झाल्यामुळे घड्याळे आणि पर्सेस पॅरिसमध्ये घ्याव्यात असे सगळे एकमेकांना सांगतात. शिवाय एडिंबराच्या नगरपालिकेने २४ जुलै २०२६ पासून मुक्कामाच्या खर्चावर ५ टक्के कर ठरवला आहे. तो पहिल्या पाच रात्रींपुरता आहे, पण कर तो करच. एवढे सोसून कोणी पावसात उभे राहायला का यावे?

कळावे, लोभ असावा.


प्रेषक: एक सभासद, लीड्स
विषय: उत्तर: उन्हाळ्यातील पाहुणे

सप्रेम नमस्कार.

काकांचा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण सासूसासऱ्यांच्या व्हिसाचे पैसे मीच भरले आहेत. पण न परवडणे वेगळे आणि न आवडणे वेगळे. परदेशांतून ब्रिटनला होणाऱ्या भेटी २०१९ मध्ये सुमारे ४ कोटी ९ लाख होत्या, करोनाच्या काळात त्या जवळपास थांबल्या आणि २०२३ मध्ये पुन्हा सुमारे ३ कोटी ८० लाखांवर आल्या. लोकांचे मन उडाले असते तर इतके लोक आले नसते. बिघडते ते त्यापुढे, आणि त्यात आपला हात असतो. पाहुणा उतरला की पहिल्या दिवशी आपण त्याला राजवाडा, बिग बेन, टॉवर ब्रिज आणि ‘लंडन आय’ हा मोठा पाळणा दाखवतो, दुसऱ्या दिवशी मेणाचे पुतळे, तिसऱ्या दिवशी स्टोनहेंज आणि जमल्यास बाथ शहर. हे सारे त्याने पडद्यावर शंभरदा पाहिलेले असते. येथे येऊन तो फक्त त्याच्यासमोर उभा राहतो, आणि संध्याकाळी पाय सुजलेले असतात.

माझे सासरे सोलापूरचे, निवृत्त शिक्षक. ते आले तेव्हा मीही अशीच आखणी करून ठेवली होती. निघण्यापूर्वी सहज विचारले, ‘बाबा, तुमच्या मनात काय आहे?’ ते म्हणाले, ‘बाबासाहेब राहत होते ते घर असेल तर दाखव.’ प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे हे घर चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाण्याजोगे आहे. १९२१-२२ या काळात डॉ. आंबेडकर तेथे राहिले, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन त्याचे स्मारक केले. मधल्या काळात, निवासी घराचे संग्रहालय करता येईल का यावर स्थानिक कौन्सिलशी वाद चालला, आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. बाबा त्या खोल्यांतून हळूहळू फिरले. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध, ज्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ साली डी.एस्सी. मिळाली, तो याच वर्षांतल्या अभ्यासाचा, हे मला त्यांनी सांगितले. मी पंचवीस वर्षे या देशात असून मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो, तेव्हा अमरावतीच्या स्तूपाचे शिल्पपट पाहून झाल्यावर ते मधल्या अंगणातील गोल वाचनालयाच्या भिंतीजवळ थांबले. बाबासाहेब दिवसभर बसून वाचत ते हेच. मी त्या भिंतीला वळसा घालून अनेकदा कॉफी घ्यायला गेले होते.

त्यानंतर आम्ही घरे शोधण्याचा सपाटाच लावला. हायगेटमधील ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू हे श्यामजी कृष्ण वर्मा यांनी १९०५ मध्ये उघडलेले इंडिया हाऊस, म्हणजे हिंदी विद्यार्थ्यांचे वसतिगृह. सावरकर १९०६ मध्ये येथे राहायला आले, आणि त्यांच्या नावाची निळी पाटी १९८५ पासून भिंतीवर आहे. लिटल व्हेनिसच्या कालव्याजवळ १० हॉवली प्लेस येथे लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी १९६१ पासून आहे. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्याच्या निमित्ताने ते आले आणि १९१८-१९ मध्ये त्या घरात राहिले. टिळक, सावरकर आणि आंबेडकर यांच्याविषयी आमच्या घरात तीन माणसांची चार मते आहेत, त्यामुळे परतीच्या गाडीत जो वाद झाला तो मी येथे लिहीत नाही. एवढेच सांगते की राजवाड्याचे पहारे बदलताना पाहून आल्यावर आमच्या घरात कधी वाद झालेला नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे गाऱ्हाणे घेऊन आलेले रंगो बापूजी याच शहरात चौदा वर्षे दारोदार फिरले, पण त्यांच्यासाठी मला कुठे पाटी सापडली नाही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी खासदार झाले. दक्षिण लंडनमधील पेंज भागातल्या त्यांच्या घराला २०२२ मध्ये पाटी लागली.

सासूबाईंचे मागणे निराळे होते. त्यांनी लहानपणी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचले होते आणि वाँटेज हे नाव त्यांच्या ध्यानात राहिले होते. १८८३ मध्ये रमाबाई येथील भगिनींच्या मठात आल्या, तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहून १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. ऑक्सफर्डशरमधील हे छोटे गाव कोणत्याही सहलीच्या पत्रकात नसते. तेथे रेल्वे जात नाही. डिडकॉटला उतरून बस घ्यावी लागते. गावात पाहण्यासारखे फार नाही हे मी आधीच बजावले होते. बाजारपेठेत आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, चर्च आहे आणि चहा बरा मिळतो. सासूबाई चर्चमध्ये मागच्या बाकावर अर्धा तास बसल्या. ‘नऊवारीतली बाई या थंडीत इथे कशी राहिली असेल गं,’ एवढेच त्या बोलल्या. त्यांना विचारून मगच मी हे लिहीत आहे.

मला सांगायचे ते इतकेच की आपला पाहुणा कोऱ्या मनाने येत नाही. या देशातली काही नावे त्याच्या शाळेच्या पुस्तकातून, वाचनालयातून किंवा रेडिओवरून त्याच्याकडे आधीच आलेली असतात. सहल आखण्यापूर्वी ती त्याला विचारावीत; प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. आणि दिवसाला दोनहून अधिक ठिकाणे ठेवू नयेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. इंदूरचे आमचे एक आप्त व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे पाहायची म्हणून हौसेने आले, आणि वाघनखे तर जुलै २०२४ मध्येच तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली होती व साताऱ्याला मांडली होती. (ती महाराजांनी वापरलेलीच आहेत असे खुद्द ते संग्रहालयही खात्रीने सांगत नाही, पण ते मी त्या वेळी बोलले नाही.) वस्तू पाहायला जायचे तर ती सध्या मांडलेली आहे का, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना २००१ पासून प्रवेशमूल्य नाही, हे काकांच्या हिशेबात दुसऱ्या बाजूला मांडावे अशी विनंती आहे. साठीपुढच्या पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून ज्येष्ठांचे रेलकार्डही काढता येते, त्यावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते.

आपली,
लीड्सची एक सभासद


प्रेषक: एक सभासद, मँचेस्टर
विषय: उत्तर: उन्हाळ्यातील पाहुणे

नमस्कार मंडळी.

लीड्सच्या ताईंचे म्हणणे पटले, पण त्यांच्या पत्रात क्रिकेट नाही याचे आश्चर्य वाटले, कारण हेडिंग्लीचे मैदान त्यांच्या दाराशी आहे आणि १९९२ मध्ये यॉर्कशरने घेतलेला पहिला परदेशी खेळाडू आपला सचिनच होता. न्यू जर्सीहून आलेला माझा भाचा तेथेच जन्मला आणि बेसबॉल पाहत वाढला. त्याच्या वडिलांना मात्र ओल्ड ट्रॅफर्ड पाहायचे होते, जेथे १९९० च्या ऑगस्टमध्ये सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद ११९ धावा करून पहिले कसोटी शतक केले आणि सामना वाचवला. रिकामे मैदान पाहून काय मिळणार, असे मुलगा म्हणाला. वडिलांनी त्याला तो पाचवा दिवस सांगितला, आणि आम्हाला तेथून निघायला दोन तास लागले.

लंडनमध्ये राहणाऱ्यांनी लॉर्ड्स आणि ओव्हल दोन्ही दाखवावीत. लॉर्ड्सवर सगळे १९८३ च्या विश्वचषकासाठी जातात, पण वेंगसरकरांनी त्याच मैदानावर १९७९, १९८२ आणि १९८६ अशा लागोपाठच्या तीन दौऱ्यांत कसोटी शतके केली, हे दादरच्या माणसाला सांगावे लागत नाही. आणि ओव्हल म्हणजे १९७१ चा ऑगस्ट, वाडेकरांचा संघ, इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय. रेडिओला कान लावून तो सामना ऐकलेले लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांना आणायचे असेल तर फार वाट पाहू नये.


प्रेषक: एक सभासद, होव्ह
विषय: उत्तर: उन्हाळ्यातील पाहुणे

सप्रेम नमस्कार.

माझी थोडी भर. ब्रायटनला येणारे पाहुणे समुद्रकिनारा पाहतात आणि वाळू नाही, नुसते गोटे आहेत म्हणून हिरमुसतात. कोकणातल्या माणसाची समजूत घालणे तर अशक्यच. त्यांना मी रॉयल पॅव्हेलियनमध्ये नेतो. बाहेरून घुमट आणि आतून चिनी थाट असलेल्या या राजवाड्यात पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते, आणि हिंदू, मुसलमान व शीख सैनिकांसाठी वेगवेगळी स्वयंपाकघरे होती. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांतल्या ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी देण्यात आला. तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी छत्री आहे. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तिचे अनावरण झाले आणि दरवर्षी जूनमध्ये तेथे मानवंदना दिली जाते. वरपर्यंत गाडी जात नाही, शेतांतून चढावे लागते, म्हणून गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी येऊ नये असे मी स्पष्ट सांगतो. माझे एक मामा, निवृत्त सुभेदार, तरीही चढले.


प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद, हॅरो
विषय: उत्तर: उन्हाळ्यातील पाहुणे

स. न. वि. वि.

व्हिसाच्या शुल्काबद्दलचे माझे मत बदललेले नाही. माझा पुतण्या पुढच्या वर्षी आईवडिलांना इकडे आणील की नाही, हे माहीत नाही. पण लीड्सच्या सूनबाईंचे पत्र मी त्याला पाठवले, आणि त्यावर माझ्या वहिनींचा दोन दिवसांनी फोन आला. त्यांना हॉवली प्लेस पाहायचे आहे. त्यांच्या आजोबांनी चिरोल खटल्यासाठी वर्गणी दिली होती आणि तिची पावती अजून घरात आहे, हे मी चाळीस वर्षांत प्रथमच ऐकले. त्या येणार असतील तर हायगेटचा चढ बसने करावा, चालत नव्हे. आर्चवेपासून तो दिसतो त्यापेक्षा बराच आहे.


प्रेषक: कार्यवाह, रेडिंग
विषय: पहिली सहल

सर्वांस सप्रेम नमस्कार.

आलेल्या पत्रांवरून कार्यकारिणीने असे ठरवले आहे की पहिली सहल लंडनमधील तीन घरांची असेल. सकाळी वॉरिक अव्हेन्यू स्टेशनवर जमून हॉवली प्लेस पाहावे, तेथून किंग हेन्रीज रोडला जावे, आणि जेवणानंतर ज्यांना शक्य आहे त्यांनी क्रॉमवेल अव्हेन्यूला यावे. दिवसाला दोनच ठिकाणे असावीत या सूचनेचा यात भंग होतो याची जाणीव आहे. म्हणून तिसरे घर ऐच्छिक ठेवले आहे. किंग हेन्रीज रोडवरील स्मारक उघडे असल्याची खात्री तारीख जाहीर करण्यापूर्वी करून घेतली जाईल. नाव नोंदवताना आपल्या पाहुण्यांना आणखी काय पाहायची इच्छा आहे ते त्यांनाच विचारून त्यांच्याच शब्दांत कळवावे. वाँटेज आणि ओव्हल यांचा विचार त्यानंतर करता येईल.

हॉवली प्लेस आणि क्रॉमवेल अव्हेन्यू येथील घरांत आज इतर लोक राहतात. त्यामुळे समोरच्या पदपथावर एका वेळी दहाच जणांनी थांबावे, घंटी वाजवू नये, घोषणा देऊ नयेत आणि कृपया हार आणू नयेत.

आपली,
कार्यवाह