सगळ्यांवर एकदम पाळत ठेवणं सरकारला तांत्रिकदृष्ट्या जमेल का?

डिचोलीकर
पाळतीचा विषय निघाला की ‘एवढ्या लोकांचं वाचायला सरकारकडे माणसं कुठून येणार?’ असं हमखास विचारलं जातं. अहो, वाचायची गरजच नाही. कोणी कोणाला कधी फोन केला, किती वेळ बोलला, फोन कुठल्या टॉवरवर होता, एवढ्या नोंदी पुरतात. हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांवर होती. १५ लाख धरा. माणशी दिवसाला ५०० नोंदी, एकेक नोंद २०० बाइटची. दिवसाचे झाले १५० जीबी, वर्षाचे साधारण ५५ टीबी. म्हणजे २० टीबीच्या तीन हार्ड डिस्क. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कोण कुठे गेलं, कोणाशी बोललं, हे सगळं टेबलाच्या एका खणात मावतं.

फोंड्याचा नेटवर्कवाला
नोंदींचा हिशेब मान्य, पण धाग्याचं नाव ‘पाळत’ आहे. १० जीबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी, एकच लाइन दिवसभर भरून वाहिली तर १०८ टीबी होतात. हे कोण साठवणार? २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेचे पाळतीचे कागद बाहेर काढले तेव्हा वेबवरची बरीच ये-जा उघडी होती, आता ती बहुतेक एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात, असते. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेजही. केबलला टॅप लावलात तरी मजकूर वाचता येत नाही. आणि एका पब्लिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या एका पत्त्यामागे, शेकडो ग्राहक असतात. पोर्ट नंबर (त्या पत्त्यातला एकेका जोडणीचा क्रमांक) आणि अचूक वेळ नसेल तर माणूस सापडत नाही. हे माझं रोजचं काम आहे.

डिचोलीकर
बाब, ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेने समुद्राखालच्या इंटरनेट केबलींवर ‘टेम्पोरा’ नावाचं पाळतीचं काम चालवलं, तेही स्नोडेनच्याच कागदांत आहे. तिथे मजकूर ३ दिवस ठेवत, नोंदी ३० दिवस. मजकूर जड असतो हे त्यांनाही ठाऊक होतं. एन्क्रिप्शन असलं तरी तुम्ही कुठली साइट उघडली तिचं नाव बहुतेक वेळा जोडणी होतानाच दिसतं. रात्री दोनला कोणी कर्करोगाच्या साइटवर गेलं, सकाळी इस्पितळात फोन केला, मग भावाला. यात वाचायचं काय उरलं?

म्हापशेकर
तुम्ही दोघंही तंत्रातच अडकलात. माझ्या शेजारच्या आजींचे निवृत्तीचे पैसे फोनवरच्या भामट्याने नेले. पोलिसांनी माग काढला तो याच नोंदींवरून. नोंदी दोन वर्षं ठेवा असं कंपन्यांच्या परवान्यातच आहे, आणि ते योग्य आहे. नोंदच नसती तर आजींनी कोणाकडे जायचं?

सत्तरीची
काका, आजींची तक्रार आली आणि त्या भामट्याच्या नोंदी मागवल्या, यात मला काहीच गैर वाटत नाही. पण तक्रार नसताना सगळ्यांच्या नोंदी चाळून ‘संशयित’ शोधणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती गणितातच फसते. १५ लाखांत खरे गुन्हेगार १० आणि यंत्रणा ९९ टक्के अचूक, असं समजू. तरी साधारण १५,००० निरपराध माणसं यादीत येतात.

फोंड्याचा नेटवर्कवाला
म्हणजे जमत नाही, हेच मी सांगत होतो.

सत्तरीची
गुन्हेगार पकडणं जमत नाही. त्या १५,००० जणांना त्रास देणं मात्र आरामात जमतं. पत्रकार असेल, खाणीविरुद्ध बोलणारा असेल, तर कोणाचं नाव शोधायचं ते आधीच ठरलेलं असतं. तिथे अचूकतेचा प्रश्नच येत नाही. फोन ऐकायची परवानगी आपल्याकडे न्यायाधीश देत नाही, सरकारचाच गृहसचिव देतो. १९९६ च्या टेलिफोन टॅपिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने समितीकडून फेरतपासणी सांगितली. ती कशी चालते? डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीचा २०१८ चा अहवाल म्हणतो, केंद्राच्या फेरतपासणी समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. एका आदेशाला एकच मिनिट दिलं तरी २५० तास लागतील.

म्हापशेकर
हा आकडा मला माहीत नव्हता. मग परवानगी न्यायाधीशाकडे द्या, समितीत माणसं वाढवा, त्याला माझी हरकत नाही. पण नोंदी दोन वर्षं राहिल्याच पाहिजेत.

डिचोलीकर
दोन वर्षं कशाला, काका? आजींनी तक्रार किती दिवसांत केली होती?