कण्हेरची ट्रायथलॉन आणि "खेळाची किंमत नसलेले" गावकरी

जावळीकर
आमच्या कण्हेर धरणावर ट्रायथलॉन झाली, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं अशी सलग शर्यत. त्यावर परवा एका सायकलपटूनं लिहिलंय : "कण्हेरच्या ट्रायथलॉनची गावकऱ्यांनी वाट लावली. मधेच दुधाचा टेम्पो, मधेच म्हशी. या लोकांना खेळाची किंमत नाही. पुढच्या वर्षी बंदोबस्त दुप्पट करा." वाचल्यापासून डोकं फिरलंय.

मी मेढा रस्त्यावरच्याच गावचा. आमच्याकडं सकाळी सहाला दूध संकलन सुरू होतं. फॅट लागलं, कॅन भरले की टेम्पो निघतो. दूध थंड व्हायला उशीर झाला तर ते परत येतं, आणि परत आलेल्या दुधाचे पैसे कुणी देत नाही. त्या रविवारी टेम्पो फाट्यावर अडवला आणि माझ्या चुलतीचं सगळं दूध परत आलं. फाट्यावरच्या पोरानं शिट्टी मारली तेव्हा तिला कळलं की आज रेस आहे. दीड किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. तयारीचा गडी अडीच तासांत मोकळा होतो, पण शेवटचा येईस्तोवर रस्ता अडलेलाच. तोवर गावानं काय करायचं, हे कुणी विचारलं?

आणि खेळाची किंमत? गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला ऑलिंपिकला जायचं होतं तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली. हा तो जिल्हा आहे. सातारच्या हिल मॅरेथॉनला लोक यवतेश्वरच्या रस्त्यावर टाळ्या वाजवत उभे राहतात, त्यांना काय पोलिसांनी आणून उभं केलेलं नसतं.

ट्रायसूट
ते मीच लिहिलंय. तुमच्या चुलतीचं नुकसान झालं ते वाईटच. पण उतारावर ताशी पन्नासनं येताना समोर टेम्पो आला तर माणूस जागेवर जातो. माझा मित्र पहाटेच्या सरावात उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला, गळ्याचं हाड मोडलं. ट्रॉलीला मागं साधा रिफ्लेक्टर नव्हता. त्यावर गावात कधी कुणी बोलतं?

जावळीकर
ट्रॉलीचं बरोबर आहे, आमचीही माणसं त्यात गेलीत. पण विषय बदलू नका.

स्वयंसेवक सातारा
पोलिसांची परवानगी घेतली, पाटबंधारेची घेतली, ग्रामपंचायतीला पत्र दिलं. ते फळ्यावर लागलं नाही यात आमचा काय दोष? आम्ही नोकऱ्या सांभाळून, पदरचे पैसे घालून हे करतो.

बुडीतातला
पत्राचं राहू द्या. तुम्ही ज्या पाण्यात पोहता त्याच्या खाली माझ्या आज्याचं शेत आहे. पाणी उतरलं की घरांचे चौथरे उघडे पडतात. तिकडं कोयना धरणाचे धरणग्रस्तही अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. आणि तुमच्या कमानीवर काय, तर "निसर्गरम्य जलाशय".

ट्रायसूट
धरण मी बांधलं का? माझ्या जन्माआधीचा राग माझ्यावर कशाला काढता?

बुडीतातला
आवाज खाली ठेवा. राग तुमच्यावर नाही. माझा पुतण्या याच पाण्यात मासे धरतो. बुडालेल्या झाडांची खोडं कुठं आहेत, गाळ कुठं पाय धरतो, त्याला अंधारातसुद्धा सांगता येतं. तुम्ही होड्यांवर बसायला पुण्याहून माणसं आणलीत, पैसे देऊन. तो दिवसभर काठावर उभा राहून बघत होता. ज्यांची जमीन गेली त्यांना त्या पाण्यावर एका दिवसाचंही काम नाही?

स्वयंसेवक सातारा
जीवरक्षकाला प्रशिक्षण लागतं, सीपीआर, म्हणजे छाती दाबून श्वास परत आणणं, यावा लागतो. उद्या कुणी बुडालं तर गुन्हा आमच्यावर दाखल होईल.

बुडीतातला
मग प्रशिक्षण द्या की. वर्ष पडलंय.

ट्रायसूट
पोहताना माझा पाय खोडाला घासला होता, हे खरं. तिथं धोका दाखवणारा तरंगता बोया नव्हता. माहितगार माणूस होडीत असता तर सांगितलं असतं, एवढं मान्य. "किंमत नसलेले" हे शब्द मागं घेतो. बंदोबस्ताचं घेत नाही, रस्ता मोकळा हवाच.

जावळीकर
रस्ता मोकळा मिळेल. ग्रामसभेला या, तारीख आमच्याशी बोलून ठरवा. यात्रा आणि लग्नाची दाट तिथ टाळा. संकलन साडेपाचला घेतलं तर टेम्पो साडेसहाला बाहेर पडतो आणि तुमची पहिली सायकल त्यानंतर रस्त्यावर येते. पाणी द्यायला शाळेची पोरं उभी करू. पण आधी परत आलेल्या दुधाचे पैसे चुकते करा.

स्वयंसेवक सातारा
दुधाचे पैसे मी स्वतः आणून देतो. होडीवरच्या पोरांचं समितीत मांडतो, शब्द मात्र आत्ताच देत नाही. साडेपाचचं संकलनवाल्याला विचारून सांगा.

जावळीकर
विचारतो. तो नाही म्हणाला तर स्टार्ट तासभर पुढं ढकलावा लागेल, उन्हाची तक्रार तेव्हा करू नका.