बंदूक-नियंत्रण आणि सैनिकांचे युद्धानुभव: काय वाचावे?

वैशाखवारा
गेली सहा वर्षे मी टेक्सासमध्ये राहते. बंदूकधारी शाळेत शिरल्यास दिवे मालवून वर्गाच्या कोपऱ्यात गप्प कसे बसायचे, याचा सराव शाळेत होतो आणि माझी नववीतली मुलगी त्याविषयी अगदी सहज बोलते. मला ती सहजताच अस्वस्थ करते. आमच्या शेजारी इराकमध्ये लढून आलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या घरी बंदुका आहेत, तरीही खरेदीदाराची तपासणी कडक हवी, असे ते ठामपणे सांगतात. हा वाद आणि त्यांच्यासारख्यांनी पाहिलेले युद्ध, दोन्ही समजून घ्यायचे आहे. घोषणाबाजी नसलेली पुस्तके कृपया सुचवावीत.

जुना वकील
ॲडम विंकलर यांच्या ‘गनफाइट’पासून (२०११) सुरुवात करावी. शस्त्र बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. त्या खटल्याच्या निमित्ताने विंकलर शस्त्रांच्या हक्काविषयीच्या १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपासूनचा इतिहास उलगडतात. एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे नव्याने वसलेल्या डॉज सिटीसारख्या गावांत येणाऱ्याला आपली बंदूक जमा करावी लागे आणि १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेच्या सशस्त्र गस्तींमुळे कॅलिफोर्नियात आलेल्या, भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यावर गव्हर्नर रेगन यांनी सही केली, हे वाचल्यावर दोन्ही बाजूंची ठरलेली वाक्ये अपुरी वाटू लागतात.

तळटीप
शेजाऱ्यांना समजून घ्यायचे असेल, तर फिल क्ले वाचा. ते स्वतः मरीन (अमेरिकी सैन्याच्या मरीन कोअर या दलात) म्हणून इराकमध्ये होते. त्यांच्या ‘रिडिप्लॉयमेंट’ या कथासंग्रहाला २०१४ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. प्रत्येक कथेचा निवेदक वेगळा असल्यामुळे ‘सैनिकाचा अनुभव’ असे एकवचनात बोलणे किती चुकीचे आहे, ते आपोआप कळते. टिम ओब्रायन यांचे व्हिएतनामवरचे ‘द थिंग्ज दे कॅरीड’ (१९९०) श्रेष्ठच आहे. मात्र निवेदकाचे नाव लेखकाचेच असले, तरी ते कथात्म साहित्य आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

तुमचे दोन्ही प्रश्न जिथे एकत्र येतात ते पुस्तक मला डेव्हिड फिंकेल यांचे ‘थँक यू फॉर युअर सर्व्हिस’ (२०१३) वाटते. बगदादहून परतलेल्या सैनिकांचे आणि त्यांच्या बायकामुलांचे दिवस त्यात आहेत. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. त्यामुळे मन खचलेल्या माणसाच्या हाताशी भरलेले शस्त्र असावे का, हा प्रश्न या घरांमध्ये अमूर्त राहत नाही. पुस्तक जड आहे, सावकाश वाचा.

वैशाखवारा
मनःपूर्वक आभार. मुलीबरोबर वाचता येईल असे यातले कोणते?

जुना वकील
यातले नाही. गॅरी यंग यांचे ‘अनदर डे इन द डेथ ऑफ अमेरिका’ (२०१६) घ्यावे. २३ नोव्हेंबर २०१३ या एका दिवसात गोळीने मेलेल्या ९ ते १९ वयाच्या दहा मुलांची ती हकिगत आहे. त्यांतल्या बहुतेकांची देशभर बातमीही झाली नाही. एका वेळी एकच प्रकरण, तेही तिच्या शेजारी बसून वाचावे, ही विनंती.