पायाची मधुमेही जखम: कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) नमुना कसा घ्यावा?

प्रश्न: तळव्याच्या जखमेत पू आहे. स्वॅबच्या (जखमेवर फिरवलेल्या कापसाच्या बोळ्याच्या) रिपोर्टात चार-पाच जंतू येतात. औषध कशावर ठरवायचं?

उत्तर १: वरवरचा स्वॅब त्वचेवर बसलेले जंतूही उचलतो, त्यावर भरवसा नको. सलाईनने धुवा, मेलेलं मांस काढा, मग जखमेच्या तळातून क्युरेटने (चमच्यासारख्या धारदार हत्याराने) तुकडा खरवडून घ्या. तोही अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी. निर्जंतुक डबीत सलाईनचे थेंब टाकून लगेच लॅबला पाठवा. फॉर्मालिन (ऊती टिकवायचं रसायन) मुळीच नको! जंतू मरतात, कल्चरमध्ये काहीच उगवत नाही.

उत्तर २: लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांतली किमान दोन लक्षणं नसतील तर कल्चर पाठवूच नका. आपल्याकडे स्यूडोमोनास, क्लेब्सिएला हे जंतूही बरेचदा निघतात.

उत्तर ३: जखमेत घातलेला प्रोब (बोथट धातूची सळई) हाडाला टेकतो का पाहा; टेकला तर हाडातही संसर्ग असू शकतो. सुरुवातीचे २-३ आठवडे एक्स-रे फसवतो, हाडातला संसर्ग दिसत नाही. संसर्ग फक्त मऊ ऊतींत (त्वचा, मांस) असेल तर साधारण १-२ आठवडे औषध, हाडात असून ते हाड न काढल्यास ६ आठवडे. ताप किंवा वेगाने पसरणारी लाली असेल तर आजच दाखल करा.