डेक्कन कॉलेजचे संचालक : कत्रे यांच्याविषयी थोडे

पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संचालकांची त्यांच्या काळातील प्रकाशनांवरून तुलना करणारी येथील चर्चा पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या उत्खननांभोवतीच फिरली, म्हणून सांकलियांच्याआधी प्रदीर्घ काळ संचालक राहिलेले भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्याविषयी थोडी भर घालतो. संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचे, म्हणजे प्रत्येक शब्दाचे अर्थ काळानुसार कसे बदलत गेले हे दाखवणाऱ्या कोशाचे, काम कत्रे यांनी १९४८ मध्ये हाती घेतले आणि त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतील शब्दप्रयोग एकेका चिठ्ठीवर संदर्भासह टिपले गेले. या कोशाचा पहिला खंड प्राकृतचे अभ्यासक अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला, तेव्हा कत्रे पदावर नव्हतेच. त्यामुळे कारकिर्दीतील प्रकाशने मोजून संचालकांची तुलना करणे मला अन्यायाचे वाटते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खननही, जिथे घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या रांजणांत पुरलेली मुले सापडली, कत्रे संचालक असतानाच १९६८ मध्ये सुरू झाले आणि सांकलियांच्या निवृत्तीनंतरही चालू राहिले.