तांबट आळीत भाड्याने खोली घ्यावी का?

मिरजकर_पुण्यात

नमस्कार. मी मूळचा मिरजेचा, शिवाजीनगरला एका सीएकडे नोकरी करतो. कर्वेनगरचा फ्लॅट सोडतोय, कारण रूम पार्टनरचं लग्न ठरलं. कसबा पेठ मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून ऑफिसातल्या दोघा-तिघांनी तिकडे खोल्या घेतल्या, म्हणून मीही बघून आलो. तांबट आळीत जुना वाडा आहे. पहिल्या मजल्यावर दीड खोली, कडीपाटाचं (लाकडी तुळया आणि फळ्यांचं) छत, मोरी आत, संडास सामाईक. भाडं ८,५००, डिपॉझिट ४०,०००.

खोली मनात भरली. पण खाली आणि समोर तांब्याची भांडी ठोकायचं काम चालतं. मी गेलो तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आठवड्यातून दोन दिवस मला घरून काम असतं. याची सवय होते का? दाखवणारे काका म्हणाले की करार अकरा महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही, स्टॅम्पपेपरवर भागेल. आणखी काय विचारून घ्यावं?

पेठेतला_जुना

गाडी आहे का? असेल तर आधी ती कुठे लावणार ते बघा. बाकी सगळं जमतं. तिथून शिवाजीनगर मेट्रोने दुसरं स्टेशन, तुम्हाला गाडी लागणारही नाही.

आळीतली_भाडेकरू

मी तांबट आळीला लागूनच राहते, भाड्यानेच, बरीच वर्षं झाली. घरून ऑनलाइन जर्मन शिकवते, तेव्हा आवाजाचा प्रश्न माझ्या पोटापाण्याचा आहे. पण आधी कागदाचं बोलते, कारण त्यात पोरं फसतात.

अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, हे साफ चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच तुमचा भाड्याचा करार, कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आहे, वर थोडी स्टॅम्प ड्युटी. घरबसल्या ऑनलाइन होतं. तेवढ्यासाठी कोणी नको म्हणत असेल तर कारण पैसे नसून दुसरं असतं. बहुतेक वेळा ते दुसरं कारण असं, की खोली दाखवणारा मालक नसतोच. पेठांतल्या वाड्यांत दोन-दोन पिढ्यांचे भाडेकरू आहेत, जुन्या भाड्यावर, कायद्याचं संरक्षण असलेले. त्यातले काही जण उपनगरात फ्लॅट घेऊन गेले आणि इथली खोली परस्पर तुमच्या-माझ्यासारख्याला देतात. मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर मालक त्या भाडेकरूला बाहेर काढायला कोर्टात जाऊ शकतो. तेव्हा तुमचं सामान कुठे आणि डिपॉझिट कुठे? मालमत्ता कराची पावती बघायला मागा. नाव कोणाचं ते वाचा. लाजू नका.

दुसरं छताचं. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्यात सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, रिकामाच करायचा. या वाड्याला नोटीस आली होती का, हे शेजारच्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतील. कडीपाट दिसायला देखणा असतो, पण तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे बोटाने दाबून बघा. भुसा पडला तर वाळवी आहे. आणि लक्षात घ्या, शनिवारवाडा संरक्षित स्मारक असल्याने त्याच्यापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. कितीतरी घरमालक या कात्रीत अडकलेत. नवी इमारत उभी करता येत नाही आणि जुना वाडा दुरुस्त करायला भाडं पुरत नाही. गळणाऱ्या कौलाचं कारण नेहमी मालकाचा कंजूसपणा नसतो.

आता आवाज.

पहिला महिना डोकं उठतं, हे खोटं सांगणार नाही. त्यानंतर काय होतं, तर एकच गोंगाट वाटत होता त्यात वेगवेगळे आवाज कळायला लागतात. सपाट पत्रा ठोकतात तेव्हा बद्द आवाज येतो. भांड्याला आकार आला की तोच आवाज चढतो, वाजायला लागतो. शेवटी मठारकाम. भांडं लोखंडी खुंट्यावर अडकवायचं, एका हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हातातल्या हातोडीने एकाला लागून एक ठोके द्यायचे. ओळीच्या ओळी. कुठे खूण केलेली नसते, तरी दोन ठोक्यांमधलं अंतर हलत नाही. माझ्या खिडकीतून समोरच्या काकांचे हात दिसतात. फोनवर बोलतानाही ते हातोडी थांबवत नाहीत, आणि ओळ वाकडी जात नाही.

हे नक्षीसाठी चाललंय असं मला आधी वाटायचं. त्यांनीच समजावलं. ठोक्यांनी तांबं कडक होतं, पातळ पत्र्यालाही ताकद येते, सांधा झाकला जातो आणि प्रत्येक ठोक्याचा पैलू उजेड परतवतो. फार कडक झालं तर तडकेल, म्हणून मधेमधे भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचं आणि परत ठोकायचं.

मी माझे वर्ग सकाळी लवकर आणि संध्याकाळी सातनंतर ठेवलेत, कारण हातोड्या दिवसाच चालतात. तुमच्या मीटिंगा दुपारी असतील तर खोली रस्त्याकडची घेऊ नका, आतल्या चौकाकडची बघा. बराच फरक पडतो. आणि भांडी ॲसिडने धुतात त्याचा वास येतो. दम्याचा त्रास असेल तर सरळ नाही म्हणा.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्या बाजूच्या इमारतीत नवी भाडेकरू मंडळी आली आणि त्यांनी महिन्याभरात एका कारखान्याविरुद्ध आवाजाची तक्रार केली. खोली घेताना त्यांना तो कारखाना दिसला नव्हता का? ती माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या बसलेली. रात्री दहानंतर कोणी ठोकत असेल तर जरूर बोला, तो तुमचा हक्क आहे. पण दिवसाच्या कामावर तक्रार करायची असेल तर कृपा करून इथे येऊ नका, कर्वेनगरच बरं.

तांबटाचं_घर

वरच्या ताईंनी मठारकाम अगदी बरोबर सांगितलं. माझे वडील आणि चुलते आळीतच काम करतात. मी स्वतः नोकरी करतो, रविवारी हात लावतो.

आमच्याकडे सांगतात की पेशवाईत कोकणातून तांबट इथे आले. बाजूला बुरूड आळी, नदीकडे कुंभारवाडा, सगळे कारागीर एकमेकांना लागून. कुंभारांची बरीच घरं पुढे मुंढव्याला केशवनगरकडे गेली, भट्ट्या पेठेत लावणं अवघड झालं म्हणून. तशीच पाळी आमच्यावर येईल का, हा प्रश्न घरात रोज असतो.

आजोबांच्या वेळी बंब हे मुख्य काम होतं. घरोघरी पाणी तापवायला तांब्याचा बंब. गॅसचे गिझर आले आणि ते संपलं. घागरी-हंडे स्टीलने खाल्ले. आता मागणी आहे ती पाण्याचे जग, दिवे, हॉटेलात ठेवायची भांडी, अशी. आकार बऱ्याचदा मशीनवर काढून आणतात, मठार मात्र हातानेच. शिकायला पोरं नाहीत. मला यायचं होतं, पण वडिलांनीच कॉलेजला घातलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

भाडेकरूंबद्दल सांगतो. तुमच्यासारखी मुलं आली की आळीत उजेड असतो, वडापावची गाडी चालते, म्हातारी माणसं एकटी राहत नाहीत. आम्हाला आनंदच आहे. अडचण अशी, की तळमजल्याच्या कारखान्याच्या जागेत दोन कॉट टाकल्या तर कारखान्यापेक्षा जास्त भाडं मिळतं, हे मालकांना कळलंय. एका काकांची जागा अशीच गेली. तेव्हा एवढं करा, तळमजल्याची खोली कोणी दाखवली तर ती आधी कशाची होती ते विचारा. भिंत काळी असेल आणि जमिनीत खुंटा रोवल्याचा खड्डा असेल तर ती कोणाची तरी भट्टी होती. ती नका घेऊ. वरची घ्या.

पेठेतला_जुना

गणपतीचं कोणी बोललंच नाही! मानाचा पहिला कसबा गणपती हाकेच्या अंतरावर आहे. ढोलपथकांचा सराव आधीपासून सुरू होतो, त्या दहा दिवसांत रात्रीची झोप विसरा आणि रिक्षा आत येणार नाही असं धरून चाला. विसर्जनाच्या दिवशी भाजी-दूध आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. माझा जन्म तिथला, मला ते दिवस वर्षभर पुरतात, पण परीक्षा-बिरीक्षा असेल तर गावी जा.

मिरजकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलंत तसं केलं. पावती मागितल्यावर काका म्हणाले, नंतर दाखवतो. शेजारच्या काकूंना विचारलं. काका मालक नाहीत, जुने भाडेकरू आहेत, मालक कोथरूडला असतात आणि दोघांची केस चालू आहे. नोटीसही आली होती म्हणे, कोणत्या वर्गाची ते त्यांना माहीत नाही.

डिपॉझिट दिलेलं नाही. पण आळीतच राहायचं आता डोक्यात बसलंय. काल कामावरून सुटल्यावर परत गेलो होतो. एका कारखान्यात आजोबांनी बसायला स्टूल दिलं, जग मठारताना बघत बसलो, उशीर कधी झाला कळलं नाही. दुसरी खोली कुठे बघू? दलाल नको आहे.

आळीतली_भाडेकरू

केस चालू असलेल्या खोलीत अजिबात शिरू नका, बरं झालं विचारलंत.

वाड्याचा हट्ट सोडा. वाडे पाडून झालेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती आहेत तिकडे बघा. लिफ्ट नसते, म्हणून वरचे मजले रिकामे राहतात आणि भाडं थोडं उतरतं. संडास आत मिळेल. पाणी किती वेळ आणि किती वाजता येतं ते विचारा, टाकी कोणत्या मजल्यापर्यंत नीट चढते तेही. खोली दुपारी अकरा-बाराला बघा, सगळ्या हातोड्या चालू असताना. फोनवर कोणाशी तरी बोलून बघा, तुमची मीटिंग होईल की नाही तिथेच कळेल.

दलाल नको तर किराणा दुकानदाराला आणि इस्त्रीवाल्याला सांगून ठेवा, कोण खोली सोडतंय ते त्यांना आधी कळतं. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची मुलगी महिनाअखेरीस बंगळुरूला चालली आहे. मालकीणबाई खालीच राहतात, करार रजिस्टर करतात, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्याच भरतात. मी त्यांना विचारून ठेवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवारी सकाळी आलात तर भेटतील.