बास ठोस हवा तर आधी वाजवणाऱ्याचा हात बघा
मिक्समध्ये बास गिटार दणकट येण्यासाठी 60 हर्ट्झच्या आसपासचा खोल आवाज वाढवा, असा सल्ला दिला जातो, तो मला पटत नाही. तिथे किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) बसलेला असतो, दोघांचा नुसता चिखल होतो. मी 700 ते 1000 हर्ट्झच्या आसपास थोडं उचलतो आणि कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) अटॅक (दाबायला घेतलेला वेळ) 30 मिलिसेकंदांपर्यंत सैल ठेवतो, म्हणजे तार छेडल्याचा पहिला ठोका दबत नाही.

पण खरी जादू हातात आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासिस्ट जेम्स जेमरसन आठवा: फेंडरची प्रिसिजन बास गिटार, जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा, ब्रिजच्या (गिटारच्या अंगावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) झाकणाखाली फोम आणि छेडायला उजव्या हाताची एकटी तर्जनी! तुमच्या बासिस्टला ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवून किकबरोबर चार बार (तालाची चार आवर्तनं) वाजवायला सांगा. नोट कुठे थांबते तेही ऐका.